यूपीएस आणि फायरवॉल: बंद होण्याआधी पुन्हा सुरू होण्याचा विचार

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात पंखा नसलेल्या छोट्या संगणकावर ओपीएनसेन्स हे सॉफ्टवेअर बसवून त्याची फायरवॉल, म्हणजे घरचे नेटवर्क आणि इंटरनेट यांच्यामधला पहारेकरी, केली आहे, तिला आधार म्हणून ६०० व्हीएचा लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएस घेतला आहे आणि त्याची यूएसबी केबल फायरवॉलला लावली आहे. तरीही फायरवॉलच्या पानावर बॅटरीबद्दल काहीच दिसत नाही. त्यातच मागच्या आठवड्यात बराच वेळ वीज गेली आणि बॅटरी संपली. वीज परत आल्यावर यूपीएस सुरू झाला, फायरवॉल मात्र कोणीतरी बटण दाबेपर्यंत बंदच राहिली. यूपीएसचा निरोप फायरवॉलपर्यंत कसा पोचवायचा, त्याच यूपीएसवरचा नॅस (नेटवर्कवरून फायली साठवणारे यंत्र) सुरक्षितपणे कसा बंद करायचा आणि घरी कोणी नसताना हे सगळे आपोआप पुन्हा कसे उभे राहील, असे विचारले आहे.

मी शेवटच्या तक्रारीपासून सुरुवात करतो, कारण बाकीची सगळी जोडणी तिच्यावर अवलंबून आहे आणि बहुतेक जण नेमकी तीच गोष्ट सर्वांत शेवटी पाहतात. बॅटरी संपून फायरवॉलची वीज एकदम तुटली आणि वीज परतल्यावरही ती उठली नाही, याचा अर्थ तिच्या बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डवरच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, 'वीज परत आल्यावर काय करायचे' हे सेटिंग 'बंद राहा' असे ठेवलेले आहे; यूएसबी केबल लावली होती की नव्हती, याचा त्या घटनेशी संबंध नाही. या सेटिंगला सहसा तीन पर्याय असतात: बंद राहणे, सुरू होणे आणि 'लास्ट स्टेट', म्हणजे वीज जाण्यापूर्वी जी स्थिती होती ती परत आणणे. तिसरा पर्याय वाचायला सर्वांत शहाणपणाचा वाटतो, पण फायरवॉलसाठी तोच सर्वांत फसवा आहे. यूपीएसचे सॉफ्टवेअर बसवलेले नसते तोवर त्याचे काही बिघडत नाही, कारण वीज तुटते त्या क्षणी फायरवॉल चालू असते आणि म्हणून ती परत चालूच होते. सॉफ्टवेअर नीट बसवले, की वीज तुटण्यापूर्वी फायरवॉल स्वतःहून रीतसर बंद झालेली असते. मग बायोसच्या लेखी शेवटची स्थिती 'बंद' ठरते आणि वीज आल्यावर यंत्र इमानेइतबारे बंदच राहते. एका नातेवाइकांच्या घरी मी अशीच चूक केली होती. आधी नुसता प्लग काढून पाहिला, फायरवॉल उठली, म्हणून समाधानाने सॉफ्टवेअर बसवले आणि पुन्हा चाचणी न घेता निघालो. पुढे वीज गेली तेव्हा फायरवॉल चार दिवस बंद होती आणि दुरून आत शिरायचा मार्ग त्याच फायरवॉलमधून जात असल्याने मला काहीही करता आले नाही. तेव्हा आज सर्वांत आधी बायोसमध्ये जाऊन हे सेटिंग 'सुरू हो' असे करावे.

एवढ्याने काम संपत नाही. बायोसला वीज 'परत आली' हे कळण्यासाठी ती आधी 'गेलेली' असावी लागते, आणि यूपीएसच्या मागे बसलेल्या यंत्राच्या बाबतीत हे गृहीत धरता येत नाही. समजा वीज जाऊन चाळीस मिनिटे झाली, बॅटरी खालच्या मर्यादेला पोचली, फायरवॉलने स्वतःला बंद करायला घेतले, आणि ती पूर्ण बंद झाल्यानंतर अर्ध्या मिनिटाने वीज परत आली. यूपीएसमध्ये अजून थोडी बॅटरी शिल्लक होती, त्यामुळे त्याच्या आउटपुटला वीज एक क्षणही तुटली नाही. मदरबोर्डला मधल्या काळात काही घडल्याचे कळलेच नाही. अशा वेळी बायोसचे सेटिंग कितीही बरोबर असले तरी फायरवॉल बंदच राहते. यावरचा उपाय असा, की बंद होण्याच्या अगदी शेवटच्या टप्प्यावर फायरवॉलने यूपीएसला हुकूम द्यायचा: 'इतक्या सेकंदांनी तुझे आउटपुट बंद कर, आणि वीज असेल तर त्यानंतर इतक्या सेकंदांनी ते पुन्हा सुरू कर.' हा हुकूम वीज मध्येच परत आली तरी पाळला गेला पाहिजे; आउटपुट एकदा खरोखर शून्यावर जाऊन परत आले, की बायोस आपले काम करतो. यूपीएस जोडण्याचा सगळा खटाटोप या एका हुकुमासाठी आहे, असे मी म्हणेन. नुसते वेळेत बंद होणे हा त्यातला सोपा भाग आहे.

आता प्रत्यक्ष जोडणी. यूपीएसच्या मागच्या सॉकेटांपैकी काही बॅटरीवर चालतात आणि काही फक्त सर्ज संरक्षणासाठी असतात. दोन्ही सारखीच दिसतात, वर बारीक अक्षरांत लिहिलेले असते आणि टेबलाखाली वाकून प्लग लावताना ते कोणी वाचत नाही. वीज गेल्याबरोबर फायरवॉलही गेली, अशी तक्रार आली की मी पहिल्यांदा हेच पाहायला सांगतो. फायरवॉलबरोबर इंटरनेट आणणारा मोडेम किंवा फायबरचा ओएनटी, मधला स्विच आणि निदान एक वायफाय अॅक्सेस पॉइंट बॅटरीच्या बाजूला असायला हवा. स्विच बाहेर राहिला तर इंटरनेट जातेच, शिवाय नॅसला फायरवॉलकडून येणारा 'बॅटरी संपत आली' हा निरोपही पोचत नाही आणि तो बेसावध पकडला जातो. लेझर प्रिंटर मात्र यूपीएसच्या बॅटरीवर कधीही लावू नये. त्याचा हीटर सुरू होताना ओढला जाणारा करंट छोट्या यूपीएसला झेपत नाही.

माहितीच्या केबलबद्दल थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण इथे चूक महागात पडते. काही यूपीएसच्या मागे साधे चौकोनी यूएसबी पोर्ट असते आणि तिथे प्रिंटरची केबल चालते. काहींच्या मागे नेटवर्कच्या पोर्टसारखे दिसणारे, पण आठाऐवजी दहा पिनांचे पोर्ट असते. त्याच्यासाठी एका टोकाला तो दहा पिनांचा जॅक आणि दुसऱ्या टोकाला यूएसबी असलेली खास केबल खोक्यात येते. त्यात नेटवर्कची केबल घालून ती स्विचला लावू नये. त्यातून काही मिळणार नाही, झाले तर नुकसानच होईल. जुन्या यूपीएसवरचे नऊ पिनांचे सीरियल पोर्ट याहून लबाड आहे. त्यातल्या कित्येकांच्या पिनांची रचना प्रमाण सीरियलपेक्षा वेगळी असते आणि साधी सीरियल केबल जोडताच यूपीएस तिला 'बंद हो' असा इशारा समजतो. स्विचच्या कन्सोलसाठी वापरतो तीच केबल मी एकदा अशा यूपीएसला लावली आणि क्षणार्धात सगळी मांडणी काळोखात गेली. वीज त्या वेळी व्यवस्थित होती, हे विशेष.

यूएसबी केबल थेट फायरवॉलच्या पोर्टमध्ये असावी, मध्ये हब नको. फायरवॉल जर आभासी यंत्र म्हणून दुसऱ्या मोठ्या यंत्रावर चालत असेल, तर केबलचा ताबा मूळ यंत्राकडे ठेवावा. पाहुण्याने घरमालकाला बंद करायची व्यवस्था मी कधी टिकलेली पाहिली नाही.

आता तुमच्या पानावर काही का दिसत नाही, याकडे वळतो. बहुतेक नवे यूपीएस यूएसबीवर 'एचआयडी पॉवर डिव्हाइस' या प्रमाण वर्गातले यंत्र म्हणून स्वतःची ओळख देतात, परंतु ती ओळख ऐकून तिचे काही करणारे सॉफ्टवेअर फायरवॉलमध्ये मुळात बसवलेले नसते. ओपीएनसेन्समध्ये ते प्लगइन म्हणून आणि पीएफसेन्स या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पॅकेज म्हणून वेगळे घ्यावे लागते. पर्याय दोन आहेत: 'नट', म्हणजे नेटवर्क यूपीएस टूल्स, आणि 'एपीसीयूपीएसडी'. दुसरा पर्याय एपीसीच्या यूपीएससाठी लिहिलेला आहे आणि तिथे तो चांगला चालतो. नट अनेक कंपन्यांच्या यूपीएसशी बोलतो आणि नॅस बनवणाऱ्या बऱ्याच कंपन्यांनीही तोच आत वापरला आहे, म्हणून घरात एकाहून अधिक यंत्रे सांभाळायची असतील तर मी नटच सुचवतो. दोन्ही एकदम बसवू नयेत. एका यूएसबी यंत्राचा ताबा एका वेळी एकालाच मिळतो आणि मग दोघेही अर्धवट चालतात.

नटचे तीन भाग आहेत आणि त्यांची कामे डोक्यात वेगळी ठेवली की दुरुस्ती सोपी होते. ड्रायव्हर यूपीएसशी बोलतो, 'यूपीएसडी' हा सर्व्हर ती माहिती ३४९३ क्रमांकाच्या टीसीपी पोर्टवर मागणाऱ्यांना देतो, आणि 'यूपीएसमॉन' ती माहिती पाहत राहून वेळ आली की यंत्र बंद करतो. यूपीएसडीशी बोलायची भाषा २०२२ मध्ये आरएफसी ९२७१ म्हणून नोंदली गेली आहे. तुमच्या यूपीएससाठी ड्रायव्हर 'यूएसबीहिड-यूपीएस' हा निवडावा आणि पोर्ट 'ऑटो' ठेवावे. (नावे मी इथे देवनागरीत लिहीत आहे, सेटिंगमध्ये ती अर्थातच रोमन लहान अक्षरांत जातात.) ड्रायव्हर सुरू होत नसेल आणि लॉगमध्ये यंत्र उघडता आले नाही, परवानगी नाही, अशा अर्थाची ओळ दिसत असेल, तर कारण बहुधा फ्रीबीएसडी या फायरवॉलखालच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या परवानग्यांत असते: नट मर्यादित अधिकाराच्या वापरकर्त्याच्या नावाने चालतो आणि यूएसबीची फाइल त्याच्या मालकीची नसते. आधी यूएसबी केबल काढून परत लावावी, मग यंत्र एकदा रीस्टार्ट करून पाहावे, कारण परवानग्या यंत्र जोडले जाते त्या क्षणी ठरतात. तरीही जमले नाही तर 'यूपीएस डॉट कॉन्फ' या नटच्या सेटिंगच्या फाइलच्या जादा ओळींत 'यूझर = रूट' ही ओळ घालावी. सुरक्षेच्या दृष्टीने हा आदर्श उपाय नाही, पण तो हमखास चालतो आणि फक्त ड्रायव्हरपुरता मर्यादित ठेवता येतो.

सगळे जुळले, की 'यूपीएससी' ही कमांड यूपीएसच्या नावासह दिल्यावर ओळींची एक यादी समोर येते. तुमच्यासारख्या मांडणीत त्यात साधारण असे दिसेल: 'बॅटरी डॉट चार्ज' १००, 'बॅटरी डॉट रनटाइम' ३१२०, 'यूपीएस डॉट लोड' ११ आणि 'यूपीएस डॉट स्टेटस' समोर 'ओएल', म्हणजे वीज आहे. आता भिंतीवरचे बटण बंद करावे. काही सेकंदांत 'ओएल'च्या जागी 'ओबी' यायला हवे, म्हणजे बॅटरीवर आहे. सोबत बहुधा 'डिस्चार्ज'ची खूणही दिसते. बटण सुरू केल्यावर 'ओएल' परत येते आणि 'सीएचआरजी' म्हणजे चार्जिंग सुरू असल्याचे कळते. ही अक्षरे बदलताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याखेरीज पुढचे काहीही बसवू नये. मध्येच 'डेटा स्टेल' असे येत असेल, तर ड्रायव्हर आणि यूपीएस यांचे बोलणे तुटते आहे. केबल बदलावी, दुसरे पोर्ट पाहावे. याकडे दुर्लक्ष करणे बरे नाही, कारण यूपीएस बॅटरीवर असताना संपर्क तुटला, तर यूपीएसमॉन ठरावीक वेळ वाट पाहून वाईटच घडले असे धरतो आणि यंत्र बंद करतो. हे धोरण योग्यच आहे, पण ढिल्या केबलमुळे ते आपल्यावर उलटते.

वर लोड ११ आणि वेळ ३१२० सेकंद असे लिहिले, त्याचा हिशोब असा. ६०० व्हीए हा आकडा खोक्यावर मोठा असतो, पण घरगुती यूपीएसची खरी क्षमता वॉटमध्ये त्याच्या साधारण ६० टक्के, म्हणजे ३६० वॉटच्या आसपास असते. फायरवॉल १५ वॉट, ओएनटी ८, स्विच ९ आणि अॅक्सेस पॉइंट ८ धरला तर एकूण ४० वॉट होतात, म्हणजे ११ टक्के लोड. आत १२ व्होल्ट आणि ७ अँपिअर-तासांची एक शिशाची बॅटरी असते. गुणाकार ८४ वॉट-तास येतो. मात्र तो आकडा वीस तासांत सावकाश रिकामी केलेल्या बॅटरीचा असतो आणि आपण ती तासाभरात रिकामी करतो, त्यामुळे मी त्यातली निम्मीच हिशोबात धरतो. शिवाय यूपीएसचा इन्व्हर्टर स्वतःही वीज खातो; इतक्या कमी लोडला त्याचे दहाएक वॉट जमेस धरावे लागतात. ४२ वॉट-तास भागिले ५० वॉट, म्हणजे सुमारे पन्नास मिनिटे. नव्या बॅटरीसाठी हा अंदाज बरा आहे. तीन वर्षे वापरलेल्या बॅटरीसाठी तो निम्मा करावा, आणि यूपीएस स्वतः जो रनटाइम दाखवतो त्याच्यावर मोजून पाहिल्याशिवाय विश्वास ठेवू नये. म्हाताऱ्या बॅटरीचा चार्ज ४० टक्क्यांपर्यंत शांतपणे उतरतो आणि तिथून थेट शून्यावर कोसळतो.

म्हणूनच बंद होण्याची मर्यादा कारखान्यातून येते तशी ठेवू नये. बरेच यूपीएस 'बॅटरी कमी', म्हणजे नटच्या भाषेत 'एलबी', हा इशारा १० टक्क्यांच्या आसपास किंवा दोन-तीन मिनिटे उरली की देतात आणि म्हाताऱ्या बॅटरीच्या बाबतीत हा इशारा येतच नाही, थेट अंधार येतो. यूपीएस डॉट कॉन्फमध्ये 'इग्नोअरएलबी' ही ओळ घातली, की ड्रायव्हर यूपीएसचा स्वतःचा इशारा बाजूला ठेवून आपण दिलेल्या मर्यादेवरून ठरवतो. मग 'ओव्हरराइड डॉट बॅटरी डॉट चार्ज डॉट लो' ३५ आणि 'ओव्हरराइड डॉट बॅटरी डॉट रनटाइम डॉट लो' ६०० असे दोन आकडे द्यावेत. ३५ टक्के किंवा दहा मिनिटे, जे आधी येईल त्याला बंद होण्यास सुरुवात. हातात येणारी इंटरनेटची वेळ याने थोडी कमी होते, हे खरे आहे. पण त्या दहा मिनिटांत पुढे सांगितलेला सगळा क्रम पार पडायचा असतो.

आता नॅस. तो वर मोजलेल्या ४० वॉटांत धरलेला नाही आणि दोन डिस्कचा नॅस आणखी वीसेक वॉट सहज घेतो, म्हणजे तो शेवटपर्यंत चालू ठेवला तर पन्नास मिनिटांची तिशी होते. नॅसला बंद पडून राहण्यात काही अडचण नसते, इंटरनेट मात्र घरातल्या माणसांना हवे असते; तेव्हा नॅसने वीज गेल्यावर पाचेक मिनिटांतच बंद व्हावे आणि फायरवॉलने उरलेली बॅटरी वापरावी, ही माझी आवडती वाटणी आहे. केबल एकच असल्याने फायरवॉल नटची 'प्रायमरी' आणि नॅस 'सेकंडरी' होतो. जुन्या आवृत्त्यांत आणि जुन्या लेखांत यांनाच 'मास्टर' आणि 'स्लेव्ह' म्हटलेले आढळेल. यूपीएसडीला फायरवॉलच्या आतल्या पत्त्यावर ऐकायला सांगायचे, नॅससाठी एक वापरकर्ता बनवायचा आणि नॅसमध्ये 'नेटवर्कवरचा यूपीएस' निवडून फायरवॉलचा पत्ता द्यायचा. इथे एक मेख आहे. काही नॅसमध्ये यूपीएसचे नाव, वापरकर्ता आणि पासवर्ड बदलायची सोयच नसते. उदाहरणार्थ सिनॉलॉजीचा नॅस 'यूपीएस' या नावाचाच यूपीएस शोधतो आणि 'मॉनयूझर' व 'सीक्रेट' ही जोडी घेऊनच दार ठोठावतो. मग नॅसला समजावत बसण्यापेक्षा फायरवॉलवर यूपीएसचे नाव तेच ठेवावे आणि त्या जोडीला फक्त पाहण्याचा अधिकार द्यावा. हा पासवर्ड जगजाहीर आहे आणि एरवीही नटचा पासवर्ड साध्या मजकुरात तारेवरून जातो, म्हणून ३४९३ पोर्ट बाहेरच्या बाजूला कधीही उघडू नये आणि आतल्या बाजूलाही, नॅस वेगळ्या व्हीलॅनवर, म्हणजे नेटवर्कच्या वेगळ्या केलेल्या भागावर, असेल तर, फक्त त्याच्याच पत्त्याला वाट द्यावी. यूपीएस बंद करण्याचा हुकूम देऊ शकणारा वापरकर्ता वेगळा आणि फायरवॉलपुरताच असावा.

बंद होण्याच्या क्रमात एक बारीक जागा आहे, तिथे अनुभवी माणसेही फसतात. मर्यादा आली, की प्रायमरी सर्व सेकंडरींना 'बंद व्हा' असे कळवते आणि त्यांनी संपर्क सोडेपर्यंत थांबते. हे थांबणे 'होस्टसिंक' या सेटिंगने ठरते आणि ते मुळात १५ सेकंदांचे असते. परंतु नॅस संपर्क सोडतो तो बंद होण्याच्या सुरुवातीलाच, डिस्क शांत झाल्यावर नव्हे. म्हणजे प्रायमरीला वाटते सगळे गेले, ती स्वतः बंद होते, यूपीएसला आउटपुट तोडायचा हुकूम देते, आणि यूएसबीहिड-यूपीएसच्या मूळ सेटिंगप्रमाणे यूपीएस वीस सेकंदांत वीज तोडतो, तेव्हा नॅस अजून डिस्कवर लिहीतच असतो. नॅसचे रक्षण करायला बसवलेली यंत्रणाच त्याची वीज तोडते. म्हणून आपला नॅस बंद व्हायला किती वेळ घेतो हे घड्याळ लावून मोजावे. माझा पावणेदोन मिनिटे घेतो, म्हणून मी 'ऑफडिले' (आउटपुट तोडण्याआधीचे सेकंद) १८० आणि 'ऑनडिले' (ते परत सुरू करण्याआधीचे सेकंद) २४० ठेवला आहे. ऑनडिले नेहमी ऑफडिलेपेक्षा मोठा असावा, आणि दोन्ही आकडे ६०च्या पटीत दिलेले बरे, कारण काही यूपीएस ते मिनिटांतच समजतात व वरचे सेकंद गाळून टाकतात. नॅस पाच मिनिटांच्या नियमाने आधीच गेलेला असला तरी ही सोय ठेवावी. वीज वारंवार ये-जा करते त्या दिवशी पाच मिनिटांचे घड्याळ दर वेळी पुन्हा शून्यापासून सुरू होते आणि बॅटरी मात्र भरत नाही.

अशा ये-जा करणाऱ्या विजेसाठी यूपीएसच्या यादीत 'बॅटरी डॉट चार्ज डॉट रीस्टार्ट' ही ओळ आहे का, ते पाहावे. असली, तर तिथे २० किंवा ३० टक्के दिल्यावर बॅटरी तेवढी भरल्याखेरीज यूपीएस आउटपुट सुरू करत नाही, आणि उठता उठता पुन्हा कोसळण्याची फायरवॉलची फरफट टळते. सगळ्याच यूपीएसमध्ये ती नसते.

फायरवॉल एवढ्या काळजीने बंद करायची गरज आहे का, हाही प्रश्न रास्त आहे. जुन्या यूएफएस फाइलव्यवस्थेवर अचानक वीज गेली, की पुढच्या वेळी उठताना दुरुस्तीची वेळ यायची आणि कधीकधी सेटिंगची फाइलच रिकामी सापडायची. झेडएफएस ही नवी फाइलव्यवस्था जुन्या माहितीवर न लिहिता नव्या जागी लिहिते, त्यामुळे हा धोका पुष्कळच कमी झाला आहे. पीएफसेन्सने २०२२ च्या २.६.० आवृत्तीपासून नव्या बसवणीसाठी तीच मूळ पर्याय केली. तुमच्या फायरवॉलवर झेडएफएस असेल आणि यूपीएसवर दुसरे काहीच महत्त्वाचे नसेल, तर रीतसर बंद होण्यापेक्षा आपोआप सुरू होणे मी जास्त मोलाचे मानीन. नॅस आला, की हा हिशोब बदलतो.

सगळे बसवल्यावर चाचणी घ्यावी, आणि ती घरी असताना, कोणाचे काम चालू नसताना घ्यावी. नवा यूपीएस एक दिवस-रात्र चार्ज झालेला असू द्यावा. पहिली चाचणी 'यूपीएसमॉन'ला 'एफएसडी'चा, म्हणजे सक्तीने बंद होण्याचा, हुकूम देऊन करावी. यात बॅटरी संपायची वाट पाहावी लागत नाही, पूर्ण क्रम लगेच घडतो. वीज चालूच ठेवावी, कारण आपल्याला नेमकी तीच अवघड परिस्थिती तपासायची आहे: फायरवॉल बंद झाली आणि वीज मात्र हजर आहे. नॅस बंद होताना ऐकावा, फायरवॉलचा दिवा गेलेला पाहावा, मग यूपीएसजवळ थांबावे. तीन मिनिटांनी आतला रिले 'खट्' वाजतो आणि स्विचसकट सगळे दिवे जातात. त्यानंतर पुन्हा 'खट्' वाजून सगळे परत येते आणि फायरवॉल कोणी हात न लावता सुरू होते. पहिला 'खट्' आलाच नाही, तर यूपीएसला तोडण्याचा हुकूम पोचलेला नाही; फायरवॉलमधील बंद होण्याची स्क्रिप्ट तो देते की नाही हे लॉगमध्ये पाहावे लागेल. 'खट्' दोन्ही वेळा आला आणि फायरवॉल तरी झोपलेलीच राहिली, तर बायोसकडे परत जावे. ही चाचणी दुरून, दुसऱ्या गावी बसून कधीही करू नये, हे वेगळे सांगायला नकोच. दुसरी चाचणी खरोखर वीज तोडून, बॅटरी मर्यादेपर्यंत उतरू देऊन घ्यावी आणि लागलेली मिनिटे कागदावर लिहून ठेवावीत. त्यासाठी भिंतीवरचे बटण बंद करावे. प्लग उपसून काढला तर यूपीएसचे अर्थिंगही सुटते.

सूचनांचे ईमेल लावणार असाल, तर ते त्याच इंटरनेटवरून जाणार आहे आणि परिसरात वीज गेली की पुरवठादाराचे उपकरणही बंद पडू शकते, हे गृहीत धरावे. म्हणून 'वीज गेली' या ईमेलइतकेच 'वीज परत आली' हे ईमेलही सुरू ठेवावे. पहिले कधीकधी पोचत नाही, दुसरे पोचते.

एक पर्याय मोजक्या शब्दांत. नॅस नसेल आणि फायरवॉल, ओएनटी दोन्ही १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालत असतील, तर लिथियम बॅटरीचा छोटा डीसी यूपीएस अधिक किफायतशीर ठरतो, कारण १२ व्होल्टचे आधी मुख्य विजेइतके आणि मग परत १२ व्होल्ट करण्यात जाणारी वीज वाचते. तो फायरवॉलला काही कळवत नाही. बॅटरी संपली की वीज तुटते, त्यामुळे झेडएफएस आणि बायोसचे सेटिंग या दोन्हींवरच भिस्त राहते. घेताना आउटपुट स्थिर १२ व्होल्ट आहे का, पिन ५.५ बाय २.१ आहे की ५.५ बाय २.५, आणि मधला भाग धन आहे का, एवढे नक्की पाहावे. बारीक फरकाची पिन आत जाते, पण हलली की सुटते.

शिशाची बॅटरी तीन ते पाच वर्षे चालते, आणि बंद कपाटात गरम राहिली तर त्याहून कमी. २५ अंशांच्या वर दर दहा अंशांना तिचे आयुष्य साधारण निम्मे होते. बदलल्याची तारीख यूपीएसच्या पाठीवर चिकटवावी आणि दर सहा महिन्यांनी दुसरी चाचणी पुन्हा घेऊन आधीच्या मिनिटांशी ताडून पाहावी. मिनिटे निम्म्यावर आली, की 'आरबी', म्हणजे बॅटरी बदला, हा इशारा यादीत दिसो वा न दिसो, बॅटरी बदलावी. आणि नवी बसवल्यावर एफएसडीची चाचणी परत घ्यावी, कारण बॅटरी काढल्यावर काही यूपीएस दिलेली सेटिंग विसरतात.